बॉनेटखालची दांडी

एक काळ असा होता की ज्याच्या दारात गाडी त्याच्या नखांत ग्रीस, हे ठरलेलंच असे. फियाट किंवा अ‍ॅम्बॅसेडर घेऊन महाबळेश्वरला निघालेलं कुटुंब पसरणीच्या घाटात एकदा तरी थांबायचंच. बॉनेट वर व्हायचं, रेडिएटरच्या झाकणावर ओलं फडकं पडायचं, मुलं चाकामागे लावायला दगड शोधायची आणि तेवढ्यात कुणीतरी पोळीभाजीचा डबा उघडायचं. बॉनेटखाली काय असतं हे त्या पिढीला कुणी शिकवलं नाही, गाडीनंच शिकवलं. पुढे १४ डिसेंबर १९८३ रोजी मारुती ८०० ची पहिली गाडी ग्राहकाच्या हाती पडली आणि नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत बॉनेट उघडण्याचं कारणच हळूहळू संपलं. गाडी म्हणजे किल्ली फिरवायची आणि निघायचं. आज कितीतरी घरांत गाडी येऊन सहा-सात वर्षं झालेली असतात, पण बॉनेटचा खटका नेमका कुठे आहे असं विचारलं तर मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात.

ते बॉनेट आता पुन्हा उघडू लागलं आहे. उघडणारे हात विशी-बाविशीतल्या मुलांचे आहेत आणि कारण बिघाडाचं नाही. संध्याकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये चार पोरं एका लहानशा गाडीभोवती जमून आत डोकावताना दिसली, तर त्यांच्यामागून तुम्हीही एकदा डोकावून पाहा. इंजिनच्या वरून, या बाजूपासून त्या बाजूपर्यंत गेलेली एक दांडी दिसेल. लालभडक, नाहीतर निळी, नाहीतर आरशासारखी चकचकीत. तिला स्ट्रट ब्रेस म्हणतात. कुणी स्ट्रट बार म्हणतं, तर जपानी गाड्यांची भक्त असलेली मुलं टॉवर बार. दोन-तीन हजारांपासून तिची किंमत सुरू होते, आणि नावाजलेली हवी असेल तर दहा हजारांच्या आसपास जायची तयारी ठेवावी लागते.

घरात तिच्यावरून होणारा वादही ठरलेला असतो. वडील विचारतात, "केवढ्याला?" आई विचारते, "पण त्यानं होतं काय?" माझ्या मते आईचा प्रश्न आधीचा आहे. त्याचं सरळ उत्तर ना दुकानदार देतो, ना मुलाला ते धड ठाऊक असतं. "गाडी टाइट होते" एवढंच तो सांगतो. पस्तीस वर्षं तंत्रनिकेतनात यंत्रशास्त्र शिकवल्यामुळे असे अर्धे वाक्य कानावर पडलं की ते पुरं केल्याशिवाय मला राहवत नाही. तेवढ्याच अधिकारावर हे लिहितो आहे.

गोष्ट सुरू होते अर्ल मॅकफर्सन नावाच्या अमेरिकन इंजिनिअरपासून. दुसरं महायुद्ध संपल्यावर हा गृहस्थ जनरल मोटर्समध्ये शेव्हर्लेच्या एका छोट्या गाडीचा आराखडा करत होता. ती गाडी बाजारात आलीच नाही. मॅकफर्सन फोर्डमध्ये गेला, आणि १९५० साली ब्रिटनमध्ये आलेल्या फोर्डच्या कन्सल आणि झेफिर या गाड्यांच्या पुढच्या चाकांना त्याची रचना लाभली. आपल्या जुन्या फियाटच्या पुढच्या प्रत्येक चाकाला वर एक आणि खाली एक असे दोन आडवे हात धरून ठेवत. मॅकफर्सननं वरचा हात काढूनच टाकला. स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर मिळून एक उभा खांब केला, त्याचं खालचं टोक चाकाला जोडलं आणि वरचं टोक थेट गाडीच्या अंगात नटांनी आवळून टाकलं. हा खांब म्हणजे स्ट्रट. आपल्या गॅरेजांत त्याला सरसकट 'शॉकअप' म्हणतात. भाग कमी लागतात, खर्च कमी होतो आणि मुख्य म्हणजे दोन चाकांच्या मधली जागा मोकळी होते. लहान गाडीत इंजिन आडवं बसवायचं तर ही जागा सोन्याच्या मोलाची. म्हणून मारुती ८००, झेन, सँट्रो, इंडिका, स्विफ्ट अशा आपल्या सगळ्या ओळखीच्या गाड्यांच्या पुढे हीच रचना आली.

पण कुठलीही काटकसर कुणाच्या तरी अंगावर पडतेच. वरच्या हाताला निवृत्त केल्यावर त्याचं काम खांबाच्या वरच्या टोकाकडे आलं. बॉनेट उघडलंत की डाव्या आणि उजव्या कोपऱ्यात पत्र्याचे दोन घुमटासारखे उंचवटे दिसतील, त्यांच्या डोक्यावर दोन-तीन नट असतील. हेच ते टॉवर. चाक खड्ड्यात आदळलं की त्याचा दणका इथे येतो. गाडी वळली की टायर रस्त्याला धरून राहू पाहतो आणि गाडीचं वजन बाहेर जाऊ पाहतं; त्या ओढाताणीतला मोठा वाटा खालचा हात घेतो, उरलेला टॉवरच्या माथ्यावर येतो. पत्रा तो पत्राच. थोडा का होईना, तो वाकतो आणि परत येतो.

बुटाचं एक रिकामं खोकं घ्या. झाकण लावून पिळून पाहा, ते दाद देत नाही. झाकण काढून पिळा, लगेच तिरकं होतं. गाडीचा पुढचा भाग हे झाकण काढलेलं खोकं आहे. बॉनेट हे झाकणासारखं दिसतं, पण ते बिजागरीवर आणि एका खटक्यावर नुसतं टेकलेलं असतं. बळकटीच्या कामात त्याचा उपयोग नाही. तेव्हा उघड्या खोक्याच्या दोन भिंती वरून एका आडव्या काठीनं जोडल्या तर त्या एकमेकींपासून दूर किंवा जवळ जाणार नाहीत, ही या दांडीमागची सगळी कल्पना. कल्पना बरोबर आहे. तिच्यात थाप नाही.

मात्र तिची मर्यादाही खोक्यानंच दाखवता येते. दोन भिंती आडव्या काठीनं जोडून, मग दोन्ही एकाच दिशेला ढकला. काठीसकट दोन्ही भिंती एकदम कलतील! काठी फक्त दोघींमधलं अंतर राखते. दोघी मिळून डावीकडे झुकायचं म्हणाल्या तर ती त्यांना अडवत नाही, उलट त्यांच्याबरोबर जाते. झुकणं अडवायचं तर काठी मागच्या भिंतीलाही बांधून त्रिकोण करावा लागतो. काही महागड्या गाड्यांत तशी त्रिकोणी रचना कारखान्यातूनच येते. आणि आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांत टॉवर इंजिन आणि प्रवासी यांच्यामधल्या त्या मागच्या पोलादी भिंतीला अगदी लगटून असतात, तिच्याशी झाळलेले असतात. म्हणजे ज्या कामासाठी आपण दांडी विकत घेतो, त्यातलं बरंचसं काम त्या भिंतीनं आधीच करून ठेवलेलं असतं. मारुती ८०० चं वजन जेमतेम साडेसहाशे किलो. इतक्या हलक्या गाडीत, इतक्या बारीक टायरांवर, टॉवरला पिळून काढील असा जोर यायचा तरी कुठून?

मग ही दांडी आली कुठून, असं कुणी विचारील. शर्यतीच्या मैदानावरून आली. तिथे गाडी कित्येक पट जास्त आवळलेली असते, टायर डिंकासारखे चिकट असतात, स्प्रिंगा दगडासारख्या कडक असतात; मग सगळा ताण पत्र्यावर येतो आणि दांडी आपलं मोल दाखवते. जपानमध्ये ती डोंगरातल्या घाटरस्त्यांवर रात्री गाड्या पळवणाऱ्या पोरांपर्यंत पोचली. या सामानासाठी प्रसिद्ध असलेली कुस्को ही कंपनी ज्या गुन्मा प्रांतातली, त्याच प्रांतातल्या घाटांवर १९९५ पासून 'इनिशियल डी' नावाची चित्रकथा आली. टोफू विकणाऱ्याचा मुलगा बापाच्या जुन्या टोयोटातून घाटात भल्याभल्यांना मागे टाकतो, अशी ती कथा. आपल्याकडच्या मुलांच्या डोक्यात ही दांडी बसली ती बरीचशी या वाटेनं. बाप टोफू पोचवायला गाडी वापरतो ही गोष्ट मला त्या कथेत सगळ्यात आवडते, पण मुलांच्या ती लक्षात राहत नाही.

गेल्या पावसाळ्याच्या आधी माझा भाचा असाच आला. त्याची गाडी पंधरा वर्षांची, दुसऱ्या हातानं घेतलेली. "मामा, तुम्ही सांगितलंत तर बाबा ऐकतील," म्हणाला. मी विचारलं, तक्रार काय आहे? तर म्हणे वळणावर नाक उशिरा वळतं, आणि कात्रजच्या घाटात गाडी अंगावर आल्यासारखी वाटते. हे ऐकून एका दुकानदारानं त्याला ताबडतोब दांडी सुचवली होती, बसवण्याच्या मजुरीसकट. गाडीखाली वाकून पाहण्याची तसदी त्यानं घेतली नव्हती.

आम्ही वाकलो. आधी टायर. प्रत्येक टायरच्या कडेला लंबगोलात चार आकडे छापलेले असतात. पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. पुढच्या दोन्ही टायरांवर ३११४ होतं. म्हणजे २०१४ सालच्या एकतिसाव्या आठवड्यातला माल! नक्षी अजून शाबूत दिसत होती म्हणून कुणी बदलले नव्हते, पण रबर वाळलेल्या चामड्यासारखं झालं होतं. हवा एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला भलतीच. मग भाच्याला उजव्या टॉवरच्या माथ्यावर तळहात ठेवायला सांगितलं आणि मी आत बसून स्टिअरिंग दोन्हीकडे फिरवलं. "मामा, टक् करतंय," तो म्हणाला. खांबाचं वरचं टोक ज्या रबरी बैठकीत बसतं, तिचं रबर फाटलं होतं. खालच्या हाताचा एक बुशही गेलेला. आता सांगा, ज्या खांबाची वरची बैठकच डळमळते, तिथल्या पत्र्याला दांडी बांधून काय साधणार? दाताला कीड लागली असताना दातांवर सोन्याची पट्टी चढवण्यातला प्रकार.

दोन बैठका, दोन बुश, दोन टायर आणि शेवटी अलाइनमेंट. दांडीपेक्षा खर्च जास्तच झाला, हे कबूल करायला हवं, आणि मेव्हण्यांनी ते मला ऐकवलंही. पण हा खर्च हौसेचा नव्हता, तो आधीच व्हायला हवा होता. गाडी घाटात पहिल्यासारखी वळू लागली.

इथे थोडं विषयाबाहेर जाऊन एक तक्रार नोंदवतो. या बैठका आणि बुश एवढ्या लवकर का जातात? आपल्या गतिरोधकांमुळे. इंडियन रोड्स काँग्रेसनं १९८८ सालीच लिहून ठेवलं आहे की गतिरोधक १० सेंटीमीटर उंच आणि वाहनाच्या दिशेनं ३.७ मीटर पसरलेला असावा, म्हणजे ताशी २५ किलोमीटर वेगानं तो बिनत्रासाचा ओलांडता येईल. आपल्या गल्लीतला गतिरोधक आठवा. एका रात्रीत कुणीतरी डांबराची पाटी उपडी करून गेल्यासारखा तो उभा असतो. त्याच्यावर पांढरा पट्टा नाही, अलीकडे फलक नाही. त्याच्यावरून रोज आठ-दहा वेळा गेल्यावर गाडीच्या रबरानं किती दिवस तग धरायचा? दांडीवर वाद घालणाऱ्या बापलेकांनी एकदा मिळून त्या गतिरोधकाबद्दल महापालिकेला पत्र लिहावं, असं मला फार वाटतं.

असो. एवढं सगळं ठाकठीक असूनही मुलाला दांडी हवीच असेल तर? मी तिला सरसकट नाही म्हणणार नाही. जो मुलगा स्वतःच्या हातानं बॉनेट उघडतो, पाना कुठला लागतो ते शोधतो, नट किती आवळायचा याची पुस्तिका वाचतो, त्याला घरात हिणवू नये. मोबाइलवर बोट फिरवत बसण्यापेक्षा हे शतपटीनं बरं. पण आधी त्याला एक प्रयोग करायला लावावा. एकात एक सरकणाऱ्या दोन हलक्या नळ्या घ्यायच्या, त्यांची दोन टोकं दोन टॉवरना घट्ट बांधायची, पंख्याला आणि पट्ट्याला लागणार नाहीत अशी. आतल्या नळीवर, बाहेरच्या नळीच्या तोंडाशी टेकवून, रबराची एक कडी चढवायची. मग बॉनेट लावून नेहमीच्या रस्त्यानं, नेहमीच्या वेगानं फिरून यायचं. टॉवर जितके एकमेकांजवळ आले असतील तितकी ती कडी सरकलेली दिसेल. कडी जागची हललीच नाही तर दांडी विकत घेऊन ती धरणार काय? पंधरा-वीस रुपयांच्या सामानात मुलाला मोजण्याची गोडी लागते, हा वरचा फायदा.

निवडताना रंगाकडे पाहू नये. दांडी जितकी सरळ तितकी चांगली. इंजिन चुकवण्यासाठी तिला धनुष्यासारखा बाक दिलेला असेल तर दाब आल्यावर ती आधी तिथेच लवणार, आणि तिचा अर्थच गेला. दोन टोकांच्या पट्ट्या जाड हव्यात आणि दांडी त्यांना झाळलेली असावी. पुष्कळ स्वस्त दांड्यांत पट्टी पातळ असते, तिच्यावर एक कान उभा केलेला असतो आणि त्या कानाला दांडी एका बोल्टनं अडकवलेली असते. सगळा जोर त्या कानावर येतो आणि तो वाकतो. अ‍ॅल्युमिनियम चकाकतं, वजनाला हलकं असतं, पण त्याच मापाची पोलादी नळी त्याच्या जवळजवळ तिप्पट ताठ असते. ज्या गोष्टीचं एकमेव काम ताठ राहणं आहे, ती चकाकीवर घेऊ नये. आणि 'सगळ्या गाड्यांना बसते' असं कुणी म्हणालं तर ती एकाही गाडीला नीट बसत नाही असं समजावं. आपल्याच गाडीच्या मॉडेलची आणि वर्षाची घ्यावी.

विकत घेण्याआधी आणखी एक गोष्ट स्वयंपाकघरातून मागून घ्यायची आहे: कणकेचे चार गोळे. दांडी नुसती जागेवर ठेवून तिच्यावर ठिकठिकाणी हे गोळे ठेवायचे आणि बॉनेट हळूच खाली आणायचं. उघडल्यावर गोळा चेपून किती जाडीचा उरला ते पाहायचं. दांडीखालीही इंजिनला मोकळी जागा लागते, कारण इंजिन रबरावर बसलेलं असतं आणि गाडी सुरू करताना, गिअर टाकताना ते चांगलं हिसके देतं.

वरच्या बाजूच्या मोकळ्या जागेबद्दल मात्र जरा गंभीरपणे बोललं पाहिजे. गाडीनं पायी चालणाऱ्याला धडक दिली तर त्याचं डोकं पुष्कळदा बॉनेटवर आपटतं. बॉनेटचा पत्रा आत दबला तर तो मार झेलतो. म्हणूनच हल्लीच्या गाड्यांत पत्रा आणि खालचे कठीण भाग यांच्यात मुद्दाम अंतर ठेवतात. त्या अंतरात आपण एक पोलादी दांडी आणून ठेवतो. २०२२ साली आपल्या देशात रस्त्यांवरच्या अपघातांत १ लाख ६८ हजारांहून जास्त माणसं गेली, त्यांपैकी ३२ हजारांहून जास्त पायी चालणारी होती. गोळा चेपून पापडासारखा झाला तर ती दांडी परत करावी. तिथे वाद नको.

याच संदर्भात दुसरा एक गैरसमज. "दांडीनं गाडी मजबूत होते, अपघातात वाचवते," असं मुलं आईला पटवतात, आणि आईच्या काळजीला ते पटतंही. हे खोटं आहे. २०१४ साली ग्लोबल एनकॅप या संस्थेनं भारतात विकल्या जाणाऱ्या पाच लहान गाड्यांच्या एअरबॅग नसलेल्या मॉडेलांची धडक चाचणी घेतली, तेव्हा मोठ्यांच्या सुरक्षेसाठी पाचांनाही शून्य तारे मिळाले. त्यातल्या काही गाड्यांचा सांगाडाच टिकला नाही. तो सांगाडा म्हणजे प्रवासी बसतात त्याच्या भोवतालचे खांब, उंबरे, छत. तो कारखान्यात ठरतो, बॉनेटखालच्या दांडीनं सुधारत नाही. आईची काळजी जीवाची असेल तर मागे बसणाऱ्यांनीही पट्टा लावावा आणि पुढची गाडी घेताना एअरबॅगा व तारे पाहावेत. भारत एनकॅपची चाचणी १ ऑक्टोबर २०२३ पासून आपल्याकडेही सुरू झाली आहे.

आता बसवण्याचं. गाडी सपाट जागी, चारही चाकांवर उभी हवी. जॅकवर चढवायची नाही. चाकं लोंबकळत असताना टॉवरवरचे नट काढले तर खांब खाली निसटतो. टॉवरच्या माथ्यावर कडेला जे दोन किंवा तीन नट असतात, तेवढेच काढायचे, तेही एका वेळी एकाच बाजूचे. अगदी मधोमध जो मोठा नट असतो त्याला हातसुद्धा लावायचा नाही. त्या नटाखाली दाबून ठेवलेली स्प्रिंग असते, आणि ती सुटली तर माणसाचा जीव घेऊ शकते. घरातल्या कुणीही दुसरं काही वाचलं नाही तरी चालेल, पण हे वाक्य गाडी उघडणाऱ्या मुलाला वाचून दाखवा.

नट निघाल्यावर माथा घासून पाहायचा. मुंबईची आणि कोकणातली गाडी असेल तर खाऱ्या हवेनं तिथे गंज धरलेला असतो. वरवरचा असेल तर साफ करून रंग लावावा. पत्रा फुगला असेल, झाळणीला चीर दिसत असेल तर दांडी परत खोक्यात ठेवून गाडी पत्र्याच्या कारागिराकडे न्यायची. अशा टॉवरला दांडी म्हणजे मोडक्या भिंतीला रंग. पट्टी बसल्यावर नटाच्या वर आट्यांचे दोन-तीन फेरे बाहेर दिसले पाहिजेत, नाहीतर नटाला पकड नाही. नट हातानं बसवून मग टॉर्क पान्यानं गाडीच्या पुस्तिकेत दिला असेल तेवढाच आवळायचा. लांब पाइप लावून अंगचा जोर काढायचा नाही, या बोल्टांना तो सोसत नाही. लांबी कमी-जास्त होणारी दांडी असेल तर खेळ निघेपर्यंतच फिरवावी. टॉवर एकमेकांपासून ढकलण्यासाठी ती नाही. शंभर-दोनशे किलोमीटर झाल्यावर नट पुन्हा तपासायचे, आणि टॉवरचे नट सैल केले म्हणून अलाइनमेंटही एकदा पाहून घ्यायची.

कायद्याचंही विचारतात. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार नोंदणी प्रमाणपत्रातल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये ते ठामपणे सांगितलं. ही दांडी त्या प्रमाणपत्रातली कुठलीही नोंद बदलत नाही. तरी विमा कंपनीला एका ओळीचं पत्र द्यावं आणि गाडी वॉरंटीत असेल तर आधी विचारून घ्यावं. नंतर बाजू मांडत बसण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

भाच्यानं ती दांडी दिवाळीनंतर स्वतःच्या पगारातून घेतली. पोलादी, सरळ, काळ्या रंगाची. मित्रांना काही फारशी आवडली नाही. बसवताना मी खुर्ची टाकून शेजारी बसलो होतो आणि ताई चहा घेऊन आली होती. गाडीत फरक पडला का, असं तिनं नंतर विचारलं. "स्टिअरिंग थोडं नेमकं वाटतं," तो म्हणाला, आणि मग थोडा वेळ थांबून म्हणाला, "पण टायर बदलल्यावर वाटलं होतं तेवढं नाही." जुने नट त्यानं एका डबीत नाव-तारीख लिहून ठेवले आहेत, गाडी विकायच्या वेळी दांडी काढून तेच परत लावायला.